‘ने’ की ‘नो’? : एका नकाराची चिकित्सा

आजच्या इंग्रजीत होकारासाठी ‘येस’ आणि नकारासाठी ‘नो’ हे दोन शब्द पुरतात, आणि एवढ्याशा भांडवलावर इंग्रजांनी जवळजवळ पाव जगाचा कारभार केला हे पाहता, त्यांना याहून अधिक शब्दांची गरज कधी भासली असेल असे कोणाच्या मनातही येणार नाही. परंतु सोळाव्या शतकापर्यंत याच भाषेने या कामावर चार शब्द नेमलेले होते. होकारासाठी ‘ये’ आणि ‘येस’, नकारासाठी ‘ने’ आणि ‘नो’, अशा या दोन जोड्या असून त्यांतला कोणता शब्द केव्हा वापरावा याचा नियम होता. तो मोडणारा माणूस अडाणी ठरत असे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, एखाद्या प्रसंगी त्याहूनही वाईट ठरत असे. देवनागरीत लिहिल्यावर ‘ये’ आणि ‘ने’ हे शब्द मराठी वाचकाला आज्ञार्थी क्रियापदे वाटण्याचा संभव आहे, म्हणून प्रारंभीच सांगून ठेवणे इष्ट की येथे कोणाला बोलावलेले नाही आणि कोणाला काही न्यायचेही नाही.

नियम असा. ‘आठव्या हेन्री राजाचे लग्न झाले आहे का?’ हा सरळ, म्हणजे व्याकरणाच्या परिभाषेत होकारार्थी घडणीचा प्रश्न होय; ‘आठव्या हेन्री राजाचे लग्न झालेले नाही का?’ हा नकारार्थी घडणीचा, कारण त्याच्या पोटातच ‘नाही’ बसलेला आहे. पहिल्या प्रकारच्या प्रश्नाला होकार द्यायचा असेल तर ‘ये’ म्हणावे आणि नकार द्यायचा असेल तर ‘ने’ म्हणावे. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला, लग्न झालेले असल्यास ‘येस’ म्हणावे आणि झालेले नसल्यास ‘नो’ म्हणावे. याचा अर्थ असा की ‘येस’ हा मुळात साधा होकार नव्हताच. प्रश्नातल्या ‘नाही’ला खोडून काढण्यासाठी राखून ठेवलेला तो जरा ठसक्याचा शब्द होता, तर ‘नो’ म्हणणारा मनुष्य, वरवर नकार देत असला तरी, विचारणाऱ्याच्या शंकेला दुजोराच देत असे. (हेन्रीने १५०९ ते १५४३ या काळात सहा लग्ने केली, त्यामुळे या विशिष्ट प्रश्नाला ‘ने’ किंवा ‘नो’ म्हणण्याची संधी त्याच्या प्रजेला फारशी मिळाली नाही, हा भाग वेगळा.) या व्यवस्थेचा एक फायदा व्याकरणकारांनी नोंदवलेला दिसत नाही. उत्तराच्या एकाच शब्दावरून प्रश्न कोणत्या घडणीचा होता हेही कळत असल्यामुळे, दाराआड उभे राहून ज्यांना अर्धेच संभाषण ऐकू येते अशांची तीत मोठीच सोय होती, आणि ट्यूडर राजांच्या दरबारात अशा मंडळींची वाण नव्हती.

या शब्दांच्या व्युत्पत्तीत, म्हणजे ते कोठून कसे आले याच्या शोधात, या भेदाला काही तात्त्विक आधार सापडेल अशी अपेक्षा असेल तर ती सोडून द्यावी लागते. ‘नो’ हा प्राचीन इंग्रजीतला घरचा शब्द. ‘न’ आणि ‘कधीही’ या अर्थाचे दोन तुकडे जोडून तो बनला. ‘ने’ हा उत्तरेकडून लूटमार करीत आलेल्या आणि लूट संपल्यावर तेथेच शेती करीत राहिलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांनी आणलेला. तोही ‘न’ आणि ‘कधीही’ हेच दोन तुकडे त्यांच्या पद्धतीने जोडून बनलेला. थोडक्यात, दोहोंचा मूळ अर्थ अक्षरशः एकच. होकाराच्या बाजूस ‘ये’ हा जुना शब्द, आणि ‘येस’ हा बहुधा त्यालाच ‘असो’ या अर्थाचे शेपूट लावून झालेला. एकाच अर्थाचे दोन शब्द पदरी पडल्यावर भाषेने, भाऊबंदकी टाळण्यासाठी शहाणा बाप वाड्याची ओसरी एकाला आणि माजघर दुसऱ्याला देतो त्याप्रमाणे, सरळ प्रश्न एकाकडे आणि वाकडे प्रश्न दुसऱ्याकडे सोपवले, एवढेच. वाटणीला कागदपत्र नव्हता. लोक ती बिनबोभाट पाळत होते, अथवा पाळत नव्हते, आणि कोणाचे काही बिघडत नव्हते.

कागदपत्र झाला तो १५३२ मध्ये, आणि तो करणारा गृहस्थ सामान्य नव्हता. सर थॉमस मोर हा ‘युटोपिया’ या लॅटिन ग्रंथाचा कर्ता, युरोपभर नावाजलेला पंडित, निष्णात कायदेपंडित आणि १५२९ पासून १५३२ पर्यंत इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजाखालोखालच्या न्यायसत्तेचा धनी होता. त्याने हे व्याकरण लिहिले ते मात्र व्याकरणाच्या प्रेमापोटी नव्हे. त्याला विल्यम टिंडल नावाच्या मनुष्याचा समाचार घ्यायचा होता.

टिंडल हा ग्लॉस्टरशरकडचा, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला धर्मोपदेशक. सामान्य नांगऱ्याला बायबल त्याच्या भाषेत वाचता आले पाहिजे असे त्याने मनावर घेतले होते, आणि त्या काळच्या इंग्लंडात बिशपच्या परवानगीवाचून बायबलचे भाषांतर करणे हा गुन्हा असल्यामुळे तो १५२४ मध्ये देश सोडून जर्मनीत गेला. कोलोन येथे छपाई चालू असताना अधिकाऱ्यांना सुगावा लागला, तेव्हा छापलेले कागद घेऊन तो निसटला आणि १५२६ मध्ये वर्म्स येथे त्याने मूळ ग्रीकवरून केलेला नवा करार छापून पूर्ण केला. ही पुस्तके व्यापारी मालात दडवून इंग्लंडात येऊ लागली. लंडनचा बिशप टन्स्टल याने ती गोळा करून जाळण्याचा सपाटा लावला. आणि एडवर्ड हॉल या तत्कालीन इतिवृत्तकाराने सांगितलेली हकिगत खरी मानायची तर बिशपने जाळण्यासाठी प्रती एका व्यापाऱ्यामार्फत रोख मोल देऊन विकत घेतल्या, ते पैसे त्याच व्यापाऱ्यामार्फत टिंडलला पोचले, आणि त्यांतून सुधारित आवृत्तीची सोय झाली. प्रकाशनाच्या इतिहासात इतका खात्रीचा गिऱ्हाईक दुसऱ्या कोणत्याही भाषांतरकाराला लाभला नसेल.

मोरने १५२९ मध्ये टिंडलविरुद्ध संवादरूपी ग्रंथ लिहिला. टिंडलने १५३१ मध्ये त्याला उत्तर दिले. आणि त्या उत्तराच्या खंडनार्थ मोरने १५३२ व १५३३ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो सुमारे पाच लाख शब्दांचा भरला. वादाचा गाभा शब्दांचाच होता आणि तो मुळीच क्षुल्लक नव्हता. टिंडलने ‘चर्च’ या अर्थी ‘मंडळी’ असा शब्द योजला होता, ‘धर्मगुरू’च्या ठिकाणी ‘वडीलधारा’, ‘प्रायश्चित्त’च्या ठिकाणी ‘पश्चात्ताप’ आणि ‘दानधर्म’ सुचवणाऱ्या शब्दाच्या ठिकाणी साधे ‘प्रेम’ असे शब्द घातले होते. आणि चर्चच्या जागी मंडळी आली, प्रायश्चित्ताच्या जागी पश्चात्ताप आला, की पाठोपाठ बिशप, मठ, दक्षिणा आणि एकूण संस्थेचे उत्पन्न धोक्यात येते, हे मोरसारख्या कायदेपंडिताच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. या चार शब्दांवर दोघांनी झुंजावे हे समजण्यासारखे आहे. समजण्यास कठीण आहे ते हे की एवढ्या मोठ्या युद्धाच्या ऐन मध्यावर मोर थांबला आणि त्याने टिंडलची एका अक्षराच्या फरकाची चूक काढली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात यरुशलेमहून आलेली मंडळी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला, तू तो संदेष्टा आहेस काय, असे विचारतात आणि तो नाही म्हणतो. प्रश्न सरळ घडणीचा. तेव्हा नियमाने उत्तर ‘ने’ असे हवे. टिंडलने ‘नो’ लिहिले होते. टोळ आणि रानमध यांवर गुजराण करणारा तो बैरागी स्वतः इंग्रजी बोलत नव्हता आणि ग्रीक मूळ ग्रंथात ‘ने’ आणि ‘नो’ असा भेद करण्याची सोयच नाही, ही गोष्ट मोरला ठाऊक असणारच. पण त्याचा आक्षेप ग्रीकबद्दल नव्हता. त्याचे म्हणणे असे की ही बाब तशी किरकोळ आहे आणि एरवी आपण तिचा उल्लेखही केला नसता, परंतु ‘ने’ आणि ‘नो’ यांसारख्या अगदी साध्या व रोजच्या दोन शब्दांपैकी कोणता केव्हा घ्यावा हे ज्याला कळत नाही, तो इंग्रजीत भाषांतर करण्यास लायक मनुष्य नव्हे. ‘एरवी उल्लेखही केला नसता’ असे म्हणून सविस्तर उल्लेख करण्याची ही रीत मराठी वादपटूंनाही अपरिचित नाही. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की टिंडलला ‘ने’ हा शब्द माहीत नव्हता असे नाही. पर्वतावरील प्रवचनात, बोलणे होय तर होय आणि नाही तर नाही इतकेच असावे असा जो उपदेश आहे, तेथे त्याने ‘ये’ आणि ‘ने’ यांचीच योजना केलेली आहे.

आक्षेप घेऊन मोर थांबला नाही. अज्ञजनांच्या सोयीसाठी त्याने नियम उदाहरणांसह मांडला, आणि ही उदाहरणे व्याकरणाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभणार नाहीत अशी आहेत. पाखंडी मनुष्य पवित्र ग्रंथाचे भाषांतर करण्यास योग्य आहे काय, असे टिंडलला विचारले तर शुद्ध इंग्रजीत त्याने ‘ने’ म्हटले पाहिजे. पाखंडी मनुष्य भाषांतर करण्यास योग्य नाही काय, असे विचारले तर त्याने ‘नो’ म्हटले पाहिजे. होकाराच्या बाजूची उदाहरणे याहून कडक आहेत. पाखंड्याने खोटे भाषांतर केले तर त्याची पुस्तके जाळण्यास पात्र आहेत काय, या प्रश्नाला उत्तर ‘ये’. आणि ती जाळण्यास पात्र नाहीत काय, या प्रश्नाला उत्तर ‘येस’, शिवाय त्याला जोडून असेही म्हणावे की भाषांतर, भाषांतरकार आणि त्याच्या बाजूचे सगळेच तसे पात्र आहेत. क्रियाविशेषणांचा उपयोग समजावून सांगताना विद्यार्थ्याकडून त्याच्याच दहनाला संमती वदवून घेणारा दुसरा व्याकरणकार सापडणे अवघड आहे. आणि तरीही अध्यापनाच्या दृष्टीने उदाहरणे उत्तम आहेत, कारण ती एकदा ऐकल्यावर विसरणे शक्य नाही.

या पाठात एकच उणीव होती. उदाहरणांच्या आधी मोरने नियमाचे जे सूत्र दिले आहे त्यात, होकारार्थी घडणीच्या प्रश्नाला ‘नो’ हे उत्तर असते, असे म्हटलेले आहे. आणि लगेच पुढच्या वाक्यात दिलेले उदाहरण नेमके उलट, म्हणजे अशा प्रश्नाला ‘ने’ म्हणावे आणि ‘नो’ म्हणू नये, असे सांगते. सूत्र खरे मानले तर टिंडल बरोबर ठरतो, उदाहरण खरे मानले तर सूत्रकार चुकतो; आणि ‘ने’ व ‘नो’ यांपैकी कोणता शब्द केव्हा घ्यावा हे ज्याला कळत नाही तो भाषांतरास नालायक, हे प्रमेय ज्या पानावर मांडले आहे त्याच परिसरात प्रमेयकर्त्याने ‘ने’च्या जागी ‘नो’ लिहिलेले आहे. दोष छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यावर ढकलता येईल, आणि तसे करणे ही लेखकांची जुनी परंपरा आहे. पण तीच सवलत मग टिंडलच्या परदेशी जुळाऱ्यांनाही द्यावी लागेल, आणि त्यांना तर इंग्रजीही धड येत नसावे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ यांचा दृष्टांत ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथाच्या भाषांतरावरून हा वाद चालला होता, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

चुकीपेक्षाही अधिक मनोरंजक आहे ते तिचे पुढचे आयुष्य. मोरचा हा उतारा या विषयावरचे आद्य प्रमाण ठरला आणि पुढची तीनशेहून अधिक वर्षे विद्वान तो आदराने उद्धृत करीत राहिले. ‘डायव्हर्शन्स ऑफ पर्ली’ हा ग्रंथ लिहून अव्यये आणि उभयान्वयी शब्द यांची चिरफाड करणारा हॉर्न टूक याने तो उद्धृत केला. भाषाशास्त्रज्ञ लेथम याने केला. आणि ज्याच्या १८५७ मधील व्याख्यानांतून ऑक्सफर्डच्या महाकोशाची कल्पना पुढे आली तो रिचर्ड चेनेविक्स ट्रेंच यानेही केला. सूत्र आणि उदाहरण एकमेकांचे हाडवैरी आहेत हे यांपैकी कोणाच्याच लक्षात आले नाही, ज्यावरून उतारा उद्धृत करणे आणि उतारा वाचणे या दोन निरनिराळ्या क्रिया असाव्यात असे अनुमान निघते. शेवटी जॉर्ज पर्किन्स मार्श या अमेरिकन विद्वानाने ते दाखवून दिले. हाच मार्श १८६४ मध्ये, मनुष्य जंगले तोडून पृथ्वीची दशा कशी करतो यावर ग्रंथ लिहून पर्यावरणविचाराचा एक पूर्वसूरी ठरला. तेव्हा डोळ्यांदेखत नाहीशा होणाऱ्या गोष्टी पाहण्याची त्याची नजर मुळातच तयार होती असे म्हणता येईल.

वादी आणि प्रतिवादी यांचे पुढे जे झाले त्यात विनोदाला जागा कमी आहे. ज्या राजाच्या वतीने मोर पाखंड निवटत होता, त्याच राजाला पहिली पत्नी टाकण्यासाठी पोपशी संबंध तोडावे लागले. राजा चर्चचा प्रमुख आहे हे शपथेवर मान्य करण्यास मोरने नकार दिला, आणि हा नकार प्रामुख्याने मौनाच्या रूपाने असल्यामुळे ‘ने’ की ‘नो’ हा प्रश्न तेथे उद्भवला नाही. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षी टिंडलला अँटवर्पमध्ये दगाबाजीने पकडण्यात आले, आणि १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळच्या व्हिल्व्होर्डे येथे त्याला गळा आवळून ठार करून मग जाळण्यात आले. मोरच्या उदाहरणातल्या ‘येस’चा उत्तरार्ध असा अमलात आला, फक्त तोवर व्याकरणकार स्वतः ते पाहण्यास हयात नव्हता. पुढे १६११ मध्ये राजा जेम्सच्या आज्ञेने पन्नासच्या आसपास विद्वानांनी मिळून अधिकृत इंग्रजी बायबल सिद्ध केले, तेव्हा त्यांनी नव्या कराराचा फार मोठा भाग टिंडलकडूनच जवळजवळ जसाच्या तसा घेतला. योहानाचे ते उत्तर त्यांच्यापुढे आले असता पन्नास जणांपैकी कोणालाही मोरची शिकवण आठवली नाही, किंवा आठवली असली तरी मानवली नाही. तेथे आजही ‘नो’ आहे.

तोवर नियम मेलेलाच होता. शेक्सपिअरने ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये सरळ प्रश्नाला ‘ये’ असे बिनचूक उत्तर देवविले आहे; पण ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये नकारार्थी घडणीच्या प्रश्नाला हर्मिया ‘येस’ऐवजी ‘ये’ म्हणून मोकळी होते, आणि ती रात्रभर रानात भटकून नुकतीच जागी झालेली आहे ही सबब तिच्या बाजूने देता आली तरी तिच्या नाटककाराला ती लागू पडत नाही. शेक्सपिअरच्या नाटकांच्या बृहत् आवृत्त्या संपादणारा अमेरिकन पंडित फर्नेस याने या सगळ्यावरून असा निष्कर्ष काढला की खुद्द नियम शिकवणाराच जर त्यात घसरत असेल, तर हा भेद व्यवहारात पेलण्यापलीकडचा सूक्ष्म होता. हा निष्कर्ष मान्य करण्यास मात्र थोडी अडचण आहे. जर्मन मुलगा नकारार्थी प्रश्न खोडून काढताना ‘या’ न म्हणता ‘डॉख’ म्हणतो, फ्रेंच मुलगी ‘वी’ न म्हणता ‘सी’ म्हणते, स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क या देशांत ‘या’ सोडून ‘यो’ म्हणतात. आणि ही मंडळी चार वर्षांची असताना कोणत्याही लॉर्ड चॅन्सेलरच्या मदतीवाचून हे करतात. भेद सूक्ष्म होता म्हणून मेला असे नसून, ज्या भेदाचे नियम विद्वानांना लिहून काढावे लागतात तो आधीच अंथरुणाला खिळलेला असतो, असे म्हणणे अधिक खरे वाटते. मोर वैद्य म्हणून बोलावला गेला असे त्याला वाटत होते; वस्तुतः तो मृत्युपत्र लिहून घेण्यास आला होता.

या मृत्यूची झळ ज्यांना विनाकारण लागली त्यांत मराठी माणसाची गणना केली पाहिजे. नकारार्थी प्रश्नाला उत्तर देताना आजची इंग्रजी फक्त वस्तुस्थितीकडे पाहते, तर मराठी आधी विचारणाऱ्याकडे पाहते. ‘तुम्ही दाखला आणला नाही का?’ या प्रश्नाला ‘हो, नाही आणला’ असे उत्तर मराठीत अगदी सरळ आहे, कारण त्यातला ‘हो’ हा तुम्ही म्हणता ते बरोबर आहे एवढ्यापुरताच असतो. हाच मनुष्य परदेशी कचेरीच्या खिडकीपुढे उभा राहून तशाच इंग्रजी प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘येस’ म्हणतो, तेव्हा पलीकडचा अधिकारी दाखला घेण्यासाठी हात पुढे करतो, आणि दोघेही काही क्षण एकमेकांच्या बुद्धीविषयी विचार करीत राहतात. चार शब्दांची व्यवस्था शाबूत असती तर हा घोटाळा निदान लवकर उघडकीस आला असता. खोडून काढण्याच्या कामासाठी मात्र मराठीने आपल्यापुरती तजवीज केलेली आहे. ‘तू आलाच नाहीस’ या आरोपाला ‘आलो की!’ असे जे उत्तर मिळते, त्यातला शेवटचा ‘की’ नेमके जुन्या ‘येस’चे आणि जर्मन ‘डॉख’चे काम करतो, आणि तो कोणत्या नियमाने वापरावा हे कोणी लिहून ठेवलेले नाही, यावरून त्याची प्रकृती ठणठणीत असावी.

‘ने’ची प्रकृती तशी राहिली नाही. उत्तर इंग्लंडातल्या काही बोलींमध्ये तो ऐकू येतो. नेहमी विरोध करणाऱ्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याच्या पोटात तो दडून बसलेला आहे, ज्याला मराठीत नन्नाचा पाढा म्हणणारा असे म्हणतात. आणि वक्तृत्वाच्या एका ठेवणीत त्याने विलक्षण कामगिरी पत्करलेली आहे. ‘शेकडो, नव्हे हजारो’ अशी जी मराठी वक्त्याची लकब आहे, तिच्यातल्या ‘नव्हे’च्या जागी इंग्रजी वक्ता ‘ने’ घालतो. दोन्ही भाषांतले हे नकार नकारांच्या जातीत मोडत नाहीत. ते नाकारतात तो फक्त आकडा, आणि जितक्या वेळा नाकारतात तितकी गर्दी वाढत जाते. निवडणुकीच्या सभेचा वृत्तान्त लिहिताना सावध वार्ताहराने म्हणूनच ‘नव्हे’च्या आधीचा आकडा घ्यावा.

‘ये’ आणि ‘ने’ अजूनही पूर्ण वेळ नोकरीवर आहेत ते अमेरिकेत. १७८७ च्या राज्यघटनेत, उपस्थित सदस्यांपैकी एकपंचमांशांनी मागणी केल्यास कोणी ‘ये’ म्हटले आणि कोणी ‘ने’ म्हटले हे कामकाजात नोंदवावे, असे कलम आहे. आणि सभागृहापुढचा प्रस्ताव सरळ घडणीचाच असतो हे लक्षात घेता, जुन्या नियमाचे इतके निष्ठेने पालन खुद्द नियमाच्या माहेरी होत नाही. ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्समध्ये होकारासाठी ‘आय’ आणि नकारासाठी ‘नो’ म्हणतात. यांतला ‘आय’ हा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अचानक उगवलेला, कूळशील अनिश्चित असलेला शब्द. आणि ‘नो’ तर टिंडलवर ठेवलेला दोषच. दिल्लीच्या लोकसभेनेही हीच विजोड जोडी वारशाने घेतली. १५२३ मध्ये याच हाउस ऑफ कॉमन्सचा अध्यक्ष सर थॉमस मोर हा होता. तो आज त्या आसनावर परत बसला तर विरोधी बाकांवरून एकमुखाने उठणाऱ्या ‘नो’च्या गर्जनेला तो अशुद्ध म्हणून फेटाळून लावील, आणि विरोधकांचे एकही मत मोजले न जाता प्रत्येक सरकारी विधेयक संमत होईल, ही सोय कोणत्याच पंतप्रधानाच्या ध्यानात अद्याप आलेली नाही हे संसदीय लोकशाहीचे भाग्य. हाउस ऑफ लॉर्ड्समधले उमराव या भानगडीत पडतच नाहीत. ते ‘संतुष्ट’ किंवा ‘असंतुष्ट’ असे सांगतात, जे त्यांच्या वयाला आणि जेवणानंतरच्या कामकाजाला अधिक साजेसे आहे. आणि ज्या अमेरिकन प्रतिनिधिगृहाची एवढी प्रशंसा केली ते देखील, संपूर्ण सभागृहाची समिती म्हणून बसते तेव्हा त्याच खुर्च्यांवरून, त्याच सदस्यांच्या तोंडून, ‘ये’ आणि ‘ने’ सोडून ‘आय’ आणि ‘नो’ अशी मते नोंदवते, आणि समिती उठून पुन्हा सभागृह भरले की परत ‘ने’ म्हणू लागते.